मागचं झाकण कोणी उघडलं

व्हर्ना क्लाइनला वाईट म्हणणारं माणूस गावात दिवा घेऊन शोधलं तरी सापडलं नसतं. ओहायोतलं काचकारखान्याचं गाव ते. तिथली माणसं कुणाला उगाच चांगलं म्हणत नाहीत. पण शाळेच्या स्वयंपाकघरात नूडल्सची पातेली ढवळण्यात हिने जन्म काढला, आणि कुठल्या पोराच्या घरी सकाळी भांडण झालंय ते तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळायचं. अशा पोराच्या ताटात एक डाव जास्त पडायचा. वर खेकसायची, "खा रे, बघतोस काय? पळून जाणार आहे का ते?" त्या भागात माया करायची ती खेकसूनच.

आणि तिचा नवरा ड्वेन? त्याचं नाव निघालं की बायका नाक मुरडायच्या. "तिनं म्हणून निभावलं बाई. दुसरी असती तर कधीच काडीमोड घेऊन मोकळी झाली असती." चर्चच्या अंगणात, किराणा दुकानात, तिच्या तोंडावर बोलायच्या. व्हर्ना ऐकून घ्यायची. नवऱ्याची बाजू घेऊन एक शब्द कधी बोलली नाही, आणि लोकांना वाटायचं, बिचारी किती सोशिक! सोशिक कसली? त्या घरात सोसणारं माणूस दुसरंच होतं. ते फक्त त्या दोघांना ठाऊक होतं.

गोष्ट एकोणऐंशीच्या उन्हाळ्यातली. जुलैत भट्ट्यांच्या डागडुजीसाठी कारखाना दोन आठवडे बंद व्हायचा आणि अख्खं गाव तंबू, कढया, पोरं गाडीत कोंबून बाहेर पडायचं. कोण किती लांब जाऊन आलं यावर मग पुढचे सहा महिने जेवणाच्या सुट्टीत फुशारक्या. ड्वेनची मजल तोवर ईरी सरोवरापलीकडे गेली नव्हती. धाकटा टोबी एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, आपल्या देशाला दोन्ही बाजूंनी समुद्र आहे ना? मग आपण एकही का नाही पाहिला?" झालं. ड्वेनच्या वर्मावर बोट पडलं. त्या वर्षी पेट्रोलची टंचाई होती, पंपांवर रांगा होत्या, चार शहाण्यांनी सांगून पाहिलं. पण हा पडला हट्टी. "ओरेगॉनचा समुद्र दाखवीन तर नावाचा क्लाइन," म्हणाला.

पिकअप ट्रकच्या मागच्या हौद्यावर त्याने जुना टप आणून बसवला. आत गादी घातली, उशा टाकल्या, चित्रांची पुस्तकं आणि बर्फाची पेटी ठेवली, की झालं पोरांचं घर. अकरा वर्षांची नॅडीन आणि सात वर्षांचा टोबी मागे, आईबाप पुढे. आज कुणी असं केलं तर पोलीस धरतील, पण तेव्हा सगळ्यांचीच पोरं अशी लोळत जायची. पट्टे कोण बांधत होतं?

टपाला मागून वर उचलायचं काचेचं झाकण होतं. त्याबद्दल ड्वेनने निघतानाच सगळ्यांना बजावलं होतं, "गाडी चालू असताना हे उघडायचं नाही."

"का?" टोबीचं का ठरलेलंच.

"धूळ येते."

खरं कारण धूळ नव्हतं. झाकण उघडं राहिलं तर धावती गाडी स्वतःचाच धूर आत ओढून घेते, हे ड्वेनला त्याच्या बापाने सांगितलं होतं. पण पोरांसमोर विषाबिषाच्या गोष्टी कशाला, नाहीतर ती रात्रभर झोपायची नाहीत, असं त्याला वाटलं. आणि बायकोला वेगळं सांगायचं सुचलंच नाही. माणूस असाच चुकतो, काळजी करता करता.

पहिले दिवस मजेत गेले. नाही म्हणून कसं चालेल? आयोवात एका रॅकूनने सॉसेजचं अख्खं पाकीट पळवलं आणि टोबी त्याच्यामागे चड्डीवर धावला. तंबू उभारताना ड्वेन शिव्या घालायचा आणि नॅडीन बापाची नक्कल करायची, की व्हर्ना हसून हसून खाली बसायची. संध्याकाळी शेकोटी, बीन्सचा डबा, मक्याची कणसं.

नेब्रास्कातल्या मुक्कामावर घात झाला. कॅम्पग्राउंडवर ट्रक मागे घेणं म्हणजे तमाशाच असतो. नवरा चक्रावर, बायको मागे उभी राहून हातवारे करणार, दोघांची जुंपणार, आणि शेजारचे तंबूवाले हातात बिअर घेऊन मुकाट बघत बसणार. करमणूक दुसरी नसतेच तिथे.

"थांब! थांब, मागे खुंट आहे!" व्हर्ना ओरडली.

"दिसतोय मला!"

"काय दिसतोय डोंबल! थांब म्हणते ना!"

खालून खाडकन आवाज आला. सायलेन्सर खुंटावर बसला होता, नळी चिरली होती. शेजारचा एक म्हातारा खुर्चीतून म्हणाला, "बायकोचं ऐकावं रे बाबा, स्वस्त पडतं." सगळे हसले. ड्वेन कानापर्यंत लाल झाला. म्हातारा तसा भला होता. उठून आला, वाकून पाहिलं, म्हणाला, गावात गॅरेज आहे, पण सामान मागवावं लागेल, दोन दिवस तरी जातील. पण तेवढ्यात ड्वेनचं डोकं फिरलं होतं. "दोन दिवस? कारखाना काय माझ्यासाठी थांबणार आहे?" त्याने बीन्सचा रिकामा डबा कापून चिरेवर गुंडाळला आणि तारेने आवळला. गावाकडे निम्मे लोक असंच करायचे. गावात ते चालायचंही, कारण गावात कुणाला तीनशे मैल जायचं नसायचं.

दुसऱ्या दिवशी ऊन असं, की डांबर मऊ झालं होतं. दुपारी पंपावर थांबले तेव्हा दोन्ही पोरं डोकं दुखतं म्हणाली आणि टोबी उलटी करून मोकळा झाला. ड्वेन पैसे द्यायच्या रांगेत होता. नॅडीन बाथरूमला गेली. व्हर्नाने टोबीचं तोंड पुसलं, त्याला पाणी पाजलं. मागे भट्टीसारखं तापलं होतं. तिला वाटलं, उष्णता आहे, वारा नाही पोराला. थोडी धूळ आली तर काय मरतंय का कुणी?

हे तिच्या मनात आलेले शब्द. पुढे जन्मभर ते तिला ऐकू येत राहिले.

तिने झाकण उचललं, तंबूची एक काठी मध्ये लावली, काठी हलू नये म्हणून आपल्या डोक्याचा रुमाल सोडून तिने ती बांधली. टोबीची उशी उचलून अगदी मागे, झाकणापाशी ठेवली. "इकडे डोकं कर, राजा. छान वारा लागेल." नॅडीन परत आली ती दुखतं डोकं धरून, कुठे न बघता नेहमीसारखी पुढच्या टोकाला, केबिनकडच्या छोट्या खिडकीशी जाऊन पडली. ड्वेन रांगेतून आला तो सरळ चक्रावर बसला. मागे सामान रचलेलं. आरशात त्याला काही दिसण्यासारखं नव्हतं.

आणि त्या दुपारी पुढच्या केबिनमध्ये नवरा-बायको कधी नव्हे इतकी खुशीत होती. काय करणार, खरं ते सांगायला हवं. मागून भांडणं नाहीत, 'अजून किती लांब' नाही. "झोपली वाटतं," व्हर्ना म्हणाली. "देव पावला," ड्वेन म्हणाला. तो खुंटाबद्दल 'चुकलं माझं' म्हणाला, आणि क्लाइन घराण्यात हे ग्रहणासारखं क्वचित व्हायचं, म्हणून ती खूप हसली. त्याने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. गॅरेजमागच्या जागेत एक खोली काढायची, टोबी मोठा होतोय, असं सगळं बोलत गेले.

संध्याकाळी रस्त्याकडेच्या एका झाडाखाली जेवायला थांबले. नॅडीन हलवून हलवून कशीबशी जागी झाली, बाहेर आली आणि गवतावर कोसळली. टोबीचे गाल गुलाबी होते. इतके गुलाबी, की व्हर्नाला आधी वाटलं, बरं वाटतंय पोराला.

त्याला बरं वाटत नव्हतं. तो गेला होता.

पोलिसांचा माणूस आला, तरुण होता, त्याचेही डोळे भरले होते. गाडीखाली शिरून बाहेर आला आणि टोपी काढून हळूच म्हणाला, "गाल असे गुलाबी म्हणजे विषारी धुराचंच. नळीला चीर आहे. पण हे झाकण बंद असतं तर इतका धूर आत आला नसता हो. उघडं ठेवलं की गाडी तो ओढूनच घेते. कोणी उघडलं होतं?"

व्हर्नाचं तोंड उघडलं. आतून शब्द यायच्या आत ड्वेन म्हणाला, "मी."

तिच्याकडे त्याने पाहिलंही नाही. तिचा रुमाल त्याच्या पँटच्या खिशात होता. पोलीस यायच्या आधीच त्याने तो काठीवरून सोडला होता. सगळी नोंद अपघात म्हणून झाली, गुन्हा झाला नाही. पण दवाखान्यात नॅडीनला नाकात नळी घालून झोपवली होती, आणि झाकण बापाने उघडलं, असं खाटेपाशी जो तो बोलत होता ते तिला ऐकू येत होतं.

दवाखान्याबाहेरच्या बाकावर व्हर्ना म्हणाली, "ड्वेन, ते झाकण मी—"

"गप्प बस."

"मला माहीत नव्हतं रे. तू धूळ म्हणालास—"

"म्हणालो ना? मीच म्हणालो. डबा मी बांधला, खुंटावर मी चढवली. तुझ्या वाट्याला काय आलं? एक काठी. ती पण माझ्याकडे दे." त्याने तोंडावरून हात फिरवला. "आई-बापातलं एक तरी पोरीला राहू दे, व्हर्ना. दोघंही घालवली तर ती कुणाकडे बघेल?"

आणि तिने दिली काठी. दुःखाने अर्धमेली झालेली बाई, तिला कोणीतरी म्हणालं, हे ओझं ठेव खाली, तिने ठेवलं. त्या घडीला तिला दोष कोण देईल? पण घडी जाते, माणसाला पुढे जगायचं असतं, आणि ठेवलेलं ओझं परत उचलायला कुणाचे हात धजतात?

गावी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. दाराशी शेजाऱ्यांनी आणलेल्या जेवणाच्या भांड्यांची रांग लागली, भाजलेल्या बटाट्याचे थर, चिकन, ॲपल पाय. सगळ्या बायका व्हर्नाला पोटाशी धरायच्या आणि ड्वेनशेजारून वाट काढून निघून जायच्या. कारखान्यात कुणी त्याला शिव्या दिल्या नाहीत. बोलिंगच्या चमूत मात्र त्याच्या जागी गुपचूप दुसरा माणूस आला. नॅडीन बापाशी बोलायची ती मीठ दे, दार लाव एवढंच. शाळा संपली त्या उन्हाळ्यात ती कोलोरॅडोला गेली आणि फोन करायची तेव्हा पहिला प्रश्न असायचा, "बाबा घरात आहेत का?" आहेत म्हटलं की, "मग नंतर करते." ड्वेन हे शिकला. रविवारी फोनच्या वेळेला तो गॅरेजमध्ये जाऊन काहीबाही खटपट करत बसायचा, म्हणजे व्हर्नाला खरं सांगता यावं की नाहीत, घरात नाहीत.

नॅडीनच्या लग्नात त्याला बोलावणं नव्हतं. तरी तो व्हर्नाला सोडायला म्हणून सूट घालून गेला आणि हॉलबाहेर ट्रकमध्ये बसून राहिला. व्हर्ना केकची ताटली घेऊन बाहेर आली. "पुरे झालं. मी आत जाऊन सांगते सगळ्यांना."

त्याने एक घास खाल्ला. "केक मस्त आहे," म्हणाला. "जा, तुझी वाट बघत असतील."

ती गेली. आत कुणीतरी तिला नाचायला ओढलं. खोटं कशाला बोला, तिला त्या सगळ्याची गोडी लागली होती. मुलीचं प्रेम, गावाची कीव, चांगली बाई म्हणून मिरवणं. रात्री उशी भिजवायची, सकाळी उठून परत तीच गोड भाकर खायची.

नॅडीनला पुढे दोन मुलं झाली, एक मुलगा, एक मुलगी. दर उन्हाळ्यात ती त्यांना घेऊन कोलोरॅडोहून पूर्वेकडे गाडीने यायची, वाटेत तंबू ठोकत. चारी खिडक्या अर्ध्या उघड्या, आणि गाडीत मुलांचा डोळा लागला की थांबवून गदागदा हलवायची. "जागे आहात का? बोला! नाव सांग तुझं!" नवरा वैतागायचा, पोरं रडायची. तिला त्याचं काही नव्हतं. गावापासून तासाभरावर तळ्याकाठी कॅम्पग्राउंड होतं. तिथे ती आठवडाभर राहायची आणि आजी तिथे भेटायला जायची. घरी ती कधी येत नसे.

एका वर्षी ड्वेनचे दिवस भरत आले होते. भट्टीच्या धुळीने छातीचं खोकं झालं होतं. पुढच्या खोलीत खाट, नाकाला नळी. डॉक्टरांनी पानगळीपर्यंतचीही खात्री दिली नव्हती. त्याने मुलीचं नाव काढलं नाही, पण तळ्यावरून व्हर्ना परत आली की विचारायचा, "पोरगा केवढा झाला?" ती हाताने उंची दाखवायची. तोही आपला हात तेवढ्याच उंचीवर धरून बघत राहायचा. शेवटी तिच्याने राहवेना.

दुपारी ती तळ्यावर गेली. नॅडीन लाकडी टेबलावर कलिंगड कापत होती. "आई, बरं झालं आलीस. हा तुझा नातू कालपासून आंघोळ करत नाहीये, घे त्याला फैलावर."

"नॅडीन, सुरी खाली ठेव."

"का गं? बाबा गेले का?" आवाजात काही नव्हतं.

"नाही. टोबीचं झाकण मी उघडलं होतं." व्हर्नाला वाटलं होतं, जीभ वळणार नाही, पण ते किती सोपं निघालं. पंप, उलटी, काठी, रुमाल, उशी, सगळं सांगितलं. "त्यांनी माझं अंगावर घेतलं. तुला एक तरी राहावं म्हणून. मी राहू दिलं. एवढी वर्षं राहू दिलं गं मी."

नॅडीन पांढरी फटक पडली. कलिंगडाच्या रसाने माखलेले हात तसेच. मग म्हणाली, "गाडीत बस." नवऱ्याला हाक मारून सांगितलं आणि पोरांना मागे बसवलं. तासाभराची वाट होती. व्हर्नाला वाटत होतं, मुलगी गेली आपली. पण ड्वेनला मिळेल. तेवढं तरी झालं.

मुलांना पायऱ्यांवर बसवून दोघी आत गेल्या. ड्वेनने मुलीला पाहिलं आणि त्याचा श्वास असा लागला, की व्हर्ना धावली. त्याने हाताने थांबवलं. मुलीकडे बघत राहिला, तहानलेला माणूस पाण्याकडे बघतो तसा.

"आई म्हणते, झाकण तिने उघडलं होतं," नॅडीन म्हणाली. तिचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "खरं सांगा."

ड्वेनने व्हर्नाकडे पाहिलं. त्या खेपेला पाहिलं, चांगलं सावकाश पाहिलं. मग तो कसाबसा हसला.

"तुझ्या आईला म्हातारपणी संत व्हायचंय. मी मरताना तू यावंस म्हणून... ती पाणी भरायला गेली होती. काठी मी लावली."

"ड्वेन!" व्हर्ना ओरडली. "खोटं बोलतोस! देवाशपथ खोटं बोलतोय हा, नॅडीन!"

"बघ," तो म्हणाला. "किती करते माझ्यासाठी."

नॅडीनच्या तोंडावरचं ते लहानपण विझून गेलं. "शरम नाही वाटली?" ती बापाला म्हणाली. "मी यावं म्हणून हिच्या तोंडून हे वदवलंत? हिच्या? टोबीच्या नावाने?" आणि ती बाहेर पडली. व्हर्ना मागोमाग धावली. अंगणात मुलीने तिला घट्ट मिठी मारली, इतकी घट्ट की बरगड्या दुखल्या. "आई, कसे दिवस काढलेस गं ह्या माणसाबरोबर? आता थोडेच राहिलेत. मग तू माझ्याकडे ये. कायमची."

व्हर्नाने बोलायला तोंड उघडलं. मुलीच्या केसांना तळ्याचा वास येत होता. ती नुसती रडली.

आत आली तेव्हा ड्वेन डोळे मिटून पडला होता. "का केलंस?" तिने विचारलं. "का केलंस रे? ती तुला मिळाली होती."

"मला? किती दिवस?" बराच वेळ त्याने श्वास गोळा केला. "मी जातोय, व्हर्ना. मागे तू राहणार आहेस. तुला कोण आहे?"

बाहेर नॅडीन पोरांना गाडीत बसवत होती. मुलगा पट्टा लावून घ्यायला तयार नव्हता, त्याला समजावण्यात बराच वेळ गेला. दार उघडंच होतं. नुसती हाक मारली असती तरी ऐकू गेली असती. व्हर्ना खिडकीत उभी होती. गाडी निघताना नॅडीनने हात हलवला, आणि व्हर्नानेही हलवला.